पसाभर पाणी

बायको जाऊन पाच महिने झाले. दारातली म्हैस अजून विकली नाही. पोरगा म्हणतो, बाबा, तुमच्यानं आता दोहणं होत नाही, कशाला ठेवता. खरं आहे, बोटं वळत नाहीत. पण म्हैस तिच्या हातची आहे. आणि मला तिच्याबद्दल एक गोष्ट लिहून ठेवायची राहिली आहे.

मी चौथी शिकलो, तेव्हा सरळच सांगतो. माझ्या बायकोला मी सगळ्या गावासमोर दुधात पाणी घालणारी ठरवलं. तिचं दूध तिच्याच पुढ्यात मातीत ओतलं. ती चोर नव्हती. मला ते पुढं कळलं, आणि कळल्यावरही मी तोंड उघडलं नाही.

आमचं गाव अकोल्याकडून येताना बडनेऱ्याच्या आधी, रुळापासून कोसभर आत. काळी जमीन, कपाशी, आणि ज्याच्या त्याच्या दारी एखादी म्हैस. दूध विकायची रीत आमच्याकडं नव्हती. दूध विकणं म्हणजे पोरगं विकणं, असं जुनी माणसं म्हणत. दूध घुसळायचं, लोणी कढवायचं आणि तूप विकायचं. तूप न्यायला अकोल्याच्या जुन्या शहरातून एक व्यापारी येई. तो तुपात बोट घालून वास घेई आणि नाक मुरडी. तूप कसंही असो, नाक मुरडणं ठरलेलं.

"माय, हे तूप हाये का गाडीचं वंगण?"

"वंगण असन तं लाव तुह्या गाडीले," माझी बायको म्हणे, आणि तरी तूप त्यालाच द्यावं लागे. दुसरा कोणी येतच नव्हता.

साठ सालानंतर दोन-तीन वर्षांनी एक सरकारी साहेब सायकलवर गावात आला. शाळेच्या ओसरीत बसून म्हणाला, दुधाची संस्था काढा. एका घरच्या शेरभर दुधासाठी कोणी येणार नाही, पण तीस घरांचं दूध एका कॅनमध्ये आलं तर सकाळच्या पॅसेंजरनं ते बडनेऱ्याला जाईल. तिथं केंद्र आहे, रेल्वेची वस्ती आहे, पुढं अमरावती आहे. रोज लागणारं गिऱ्हाईक. नाक मुरडणारा मध्ये कोणी नाही.

पुरुष बिड्या ओढत बसले. माझी बायको ओसरीच्या खाली बायांमध्ये उभी होती. ती म्हणाली, "साहेब, ज्याच्या घरी अर्धा शेरच निंघते त्याचंही घेसान का?"

"पावशेर आणलं तरी घेऊ," साहेब म्हणाला.

त्या एका वाक्यावर तिनं पंधरा दिवस गाव पालथं घातलं. आमच्या वस्तीत गेली, भाजीवाल्या माळ्यांच्या घरी गेली, जिथं जिथं एकच म्हैस होती तिथं गेली. बाया विचारायच्या, "दूध गेल्यावर ताक कोठून आणू वो बाई? लेकरं भाकर कशात कुस्करतीन?" ती म्हणायची, "सकाळचं संस्थेत घाला, सांजचं घुसळा." जी लहान घरं संस्थेत आली ती तिच्या शब्दावर आली. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

आमची वस्ती दीक्षा घेतलेली. छप्पन साली घरातले देव आम्ही नदीत सोडले होते. गावातल्या मोठ्या घरांनी साहेबाला बाजूला नेऊन विचारलं, "त्यायचं दूध आन् आमचं दूध एकाच कॅनमधी?" साहेब म्हणाला, कॅन एकच, नाहीतर संस्था नाही. त्यांनी माना हलवल्या. पोटातून हलवल्या असं काही मला वाटलं नाही.

मला मापाडी केलं. कारण दोन. मला आकडे वाचता येत होते, आणि मी तोंडाचा फाटका होतो. साहेब म्हणाला, मापावर असाच माणूस पाहिजे, कोणाची भीड न ठेवणारा. मला ते ऐकून छाती फुगल्यासारखं झालं. आता वाटतं, तिथंच पाय घसरला.

साहेबानं एक काचेची नळी दिली होती. खाली शिसं भरलेलं, मानेवर रेघा. दुधात सोडली की उभी तरंगायची. दूध चोख असलं की मान वर राहायची, पाणी असलं की बुडायची. तिचं खरं नाव इंग्रजी, लॅक्टोमीटर. बाया तिला बाहुली म्हणत. सुरुवातीला मी ती फक्त भरलेल्या कॅनमध्ये सोडून पाहत असे. थोडी खाली बसायची, पण जायचं दूध.

पावसाळा संपत आला तेव्हा बडनेऱ्याहून कॅन परत आला. सांजच्या गाडीनं, नासलेला. सोबत चिठ्ठी, दूध पातळ आहे. चार दिवसांनी पुन्हा तेच. त्यावेळी चिठ्ठीत लिहिलं होतं की तिसऱ्यांदा असं झालं तर तुमच्या गावचं दूध बंद.

सगळे शाळेपुढच्या निंबाखाली जमलो. साहेबही आला होता. त्यानं एकेकाला उभं करून विचारलं, "दुधात पाणी घालता?" कोणी म्हशीची आण घेतली, कोणी लेकराची, कोणी गावच्या पांढरीची. तीसच्या तीस घरांनी सांगितलं की नाही घालत. आणि आज मी सांगतो, त्यातलं कोणी जाणून खोटं बोललं नव्हतं.

गावात एक मोठा शेतकरी होता. त्याच्या दारी सात म्हशी, एकट्याचं आठ शेर दूध यायचं. तो आमच्या वस्तीकडं पाहून म्हणाला, "आमची आण आमी म्हशीची घेतली. तुमी कोणाची घेता? देव तं तुमी नदीत सोडले."

लोक हसले. माझं डोकं तापलं. मी उठलो आणि म्हणालो, "देव सोडले आन् खोटं बोलणंही सोडलं. नजर, उतारा, अंगारा, असलं माह्या घरात काहीच राह्यलं नाई. उद्यापासून घरोघरची चरवी वेगळी तपासतो. ज्याचं पातळ निंघालं त्याचं सगळ्यायसमोर मातीत ओतीन आन् त्याले संस्थेतून काढीन. माह्या घरचं असलं तरी."

"पाहू मंग," तो म्हणाला.

बायको बायांमध्ये बसली होती. घरी येताना ती चार पावलं मागं चालली. मला वाटलं, नवरा गावासमोर बोलला म्हणून खूश असेल. माझी अक्कल तेवढीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव ओसरीपुढं गोळा झालं होतं. ज्यांचं दूध नव्हतं तेही आले होते. पहिली चरवी मोठ्या शेतकऱ्याची. पितळी, लखलखीत, गड्याच्या डोक्यावरून आली. बाहुली सोडली, तिची मान ताठ. दूध कॅनमध्ये गेलं. मग मोठी आणि मधली अशी आणखी वीस घरं. सगळ्यांची ताठ.

मग लहान घरांची ओळ. पहिली माझी बायको. तीच पुढं असायची, कारण बाकीच्या तिच्या मागं आलेल्या. आमची म्हैस तेव्हा आटत आली होती, सकाळचं पाऊण शेर दूध. मी त्यातलं थोडं तपासणीच्या नळकांड्यात ओतलं आणि बाहुली सोडली.

बाहुली बुडाली.

मी ती काढली, पुसली, पुन्हा सोडली. पुन्हा बुडाली. मागून कोणी तरी म्हणालं, "मापाडी घरचा तं पाणीही घरचंच!" मोठा हशा झाला. मोठा शेतकरी हसला नाही. तो नुसता माझ्याकडं पाहत राहिला, आता काय करतो म्हणून.

मी बायकोकडं पाहिलं. ती बाहुलीकडं पाहत नव्हती, माझ्याकडं पाहत होती.

"पाणी टाकलं?" मी विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तिनं पदर पुढं ओढला.

"हाव म्हण नाई तं नाई म्हण. टाकलं का?"

तिनं पदर दातात धरला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

मी चरवी उचलली आणि ओसरीच्या खाली ओतली. काळ्या मातीवर पांढरं दूध पसरलं. एक कुत्रं पुढं आलं, त्याला मी लाथ मारली. हशा थांबला होता. माझी बायको खाली बसली. दूध पडलेली ओली माती तिनं दोन्ही हातांनी खरवडून पदरात घेतली, निंबाच्या बुडाशी नेऊन टाकली आणि वरून कोरडी माती ओढली. कोणाचा पाय पडू नये म्हणून. मग रिकामी चरवी उचलून घरी गेली. मी माप घ्यायला पुन्हा खाली वाकलो.

तिच्या मागं आठ घरांच्या बाया होत्या. मी मान वर केली तेव्हा त्या चरव्या पदराखाली झाकून परत चालल्या होत्या. एकीनंही तपासायला दिलं नाही. मी मनात म्हटलं, चला, चोर आपोआप कळले. त्या दिवशी बडनेऱ्याला दूध पास झालं. साहेबानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुमच्यासारखा माणूस पाहिला नाही," म्हणाला.

घरी दोन महिने बोलणं नव्हतं. स्वयंपाक होई, वाढणं होई. मी एकदा म्हटलं, "काहून केलं असं?" ती चुलीत लाकूड सारत राहिली. मग मीही विचारलं नाही. चोरी करून वर रुसते, असं माझ्या मनात.

थंडी पडली. मोठ्या शेतकऱ्याचा गडी तापानं पडला आणि खुद्द त्याचा पाय मुरगळला, म्हणून त्याच्या घरचं दूध आणायला एका सकाळी मी स्वतः गेलो. त्याची म्हातारी आई दूध देत होती. आठ शेराची चरवी तिनं उंबऱ्यापाशी आणली, खाली ठेवली, रांजणात हात घातला, आणि पसाभर पाणी काढून चरवीत टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत, काही लपवणं नाही. टाकलं, हात पदराला पुसला आणि म्हणाली, "उचला."

"माय, हे काय केलं?"

"काय केलं?"

"पाणी टाकलं तुमी."

"आता पसाभर पाण्याले पाणी म्हंते का कोणी? निरसं दूध तसंच घराबाहेर कसं जाऊ द्याचं? दुसऱ्याच्या चुलीवर उतू गेलं तं आपल्या म्हशीच्या कासेले आग होते. माह्या सासूनं टाकलं, मी टाकतो. तुह्या घरी टाकत नाईत का?"

मी तिथंच उभा राहिलो. आमच्याही घरी टाकत होते. माझी आई टाकायची. मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण ते पाणी म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. लेकराला तीट लावावी तसं ते होतं. गावात कोणालाही विचारा, दुधात पाणी घालता का, तर तो नाहीच म्हणणार. पसा त्यात धरलेलाच नसायचा.

पसा सगळ्यांचा सारखाच. मोठ्या घरच्या आठ शेरात तो बाहुलीला कळत नव्हता. आमच्या पाऊण शेरात तो बाहुली बुडवत होता. आणि तीस घरांचे तीस पसे कॅनमध्ये गेले की कॅन परत येत होता.

मी ते दूध स्टेशनवर पाठवलं आणि घरी आलो. बायको गोठ्यात शेण काढत होती.

"तू पसा टाकत होती?"

ती उभी राहिली. "हाव."

"मंग त्या दिवशी बोलली काहून नाई?"

"काय बोलू? आदल्या दिवशी तुमी निंबाखाली उभं राहून सांगतलं, माह्या घरात असलं काही राह्यलं नाई म्हणून. दीक्षा घेऊनही बायको नजरेचं पाणी टाकते, हे मी तठी सांगतलं असतं तं तुमी खोटे पडले असते. आन् तो तं वाटच पाहून राह्यला होता. आपल्या सगळ्या वस्तीवर हसला असता."

"मंग मले घरी तरी सांगतलं असतं."

"तुमी इचारलं कोठी? तुमी चोर ठरवून इचारलं." मग तिनं शेणाची पाटी उचलली. "जाऊ द्या आता. मापाडी हाये तुमी. माप घ्या."

त्या दिवसापासून ती मला मापाडीच म्हणायची. "अवो" गेलं. "जेवून घ्या, मापाडी." "मापाडी, पाऊस येऊन राह्यला, वैरण आत घ्या." लोकांना वाटे, थट्टा आहे.

मी ठरवलं होतं की संस्थेच्या पुढच्या बैठकीत सांगायचं. उठलोही. मोठा शेतकरी समोरच बसला होता. मी म्हणालो, "यापुढं कोणी रीत म्हणून पसाभरही पाणी टाकू नका. त्यानंच दूध पातळ होते." एवढं बोललो. पुढचं वाक्य तोंडात होतं, की माझ्या बायकोनं तेवढंच टाकलं होतं, आणि मोठ्या घरांतही तेच टाकतात. तेवढ्यात कोणी तरी म्हणालं, "मापाडीच्या बायकोनं शिकवलं वाटते!" सगळे हसले. आणि मीही हसलो. हसून खाली बसलो.

मला कोणाची भीड नाही, असं साहेब म्हणत होता.

आठ घरांना मी नंतर सांगून आलो, की पसा टाकू नका आणि या परत. माळ्यांच्या एका बाईनं दारातूनच उत्तर दिलं, "नको बाप्पा. तुमची बाहुली तुमच्यापाशी. चोर म्हणून गेलो तठून, आता कोणत्या तोंडानं येऊ? आधी आमाले चोर नाई म्हणा." मी तसाच परत फिरलो. त्यांचं नाव धुवायचं तर आधी घरचं धुवावं लागलं असतं, सगळ्यांसमोर. ते मला झालं नाही.

संस्था चालली. रोज कॅन जायचा, रोज पास व्हायचा. पण दूध मोठ्या घरांचंच. ज्या अर्ध्या शेरासाठी ती काढली होती, तो अर्धा शेर बाहेरच राहिला. तुपाचा व्यापारी मोठ्या घरांना आता तूप मागू शकत नव्हता, म्हणून लहान घरांवर अजूनच नाक मुरडू लागला. त्यांतल्या तीन घरांनी एक-दोन वर्षांत म्हशी विकल्या. मोठ्या घरांत घुसळणं बंद झालं, तिथून गरिबाच्या लेकरांना मिळणारं ताकही गेलं. चांगल्या कामानं कोणाच्या ताटातलं काय जातं, ते साहेबाच्या कागदात नव्हतं.

आमचं घर संस्थेत परत घेतलं, पण दूध पुढं बरीच वर्षं मी स्वतः नेलं. ती दोहायची आणि चरवी माझ्यापुढं ठेवायची. "पाहून घ्या, मापाडी." पसा तिनं पुन्हा कधी टाकला नाही. शाळेच्या ओसरीकडं ती गेली नाही. पोराला शाळेत घालायच्या दिवशीही नाही, तेव्हा मी एकटाच गेलो.

मागच्या उन्हाळ्यात तिचं पोट धरलं. अन्न खाली जाईना. दर्यापूरचा डॉक्टर म्हणाला, दूध द्या, पण अर्धं पाणी घालून. मी घातलं. चमच्यानं पाजत होतो. दोन चमचे घेतल्यावर तिनं विचारलं, "पाणी किती टाकलं, मापाडी?"

"निम्मं. डॉक्टरनं सांगतलं."

"बाहुली बुडीन ना मंग."

ती हसली का, मला नीट कळलं नाही. तोंड वाळलं होतं. मी चमचा खाली ठेवला आणि म्हणालो, "चुकलं माहं."

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "मले कायले सांगता? जठी ओतलं तठी सांगा."

नऊ दिवसांनी ती गेली.

शोकसभा शाळेच्या आवारात ठेवली. मीच सांगितलं, तिथंच ठेवा. निंब तोडून टाकला आहे, ओसरी तीच आहे. लोक बोलले, कष्टाळू होती, लेकरावर जीव होता. मग मी उभा राहिलो. जिथं ओतलं होतं, तिथंच उभा राहिलो. सगळं सांगितलं. पोरं परमुलखातलं काही ऐकावं तशी तोंडं उघडी टाकून ऐकत होती. त्यांना संस्था माहीत नाही, बाहुली माहीत नाही, एवढ्याशा पाण्यानं काय होतं तेही नाही. मोठ्या शेतकऱ्याचा नातू चहा वाटायला मदत करत होता.

बायांमध्ये ती माळ्यांची बाई होती. आठ घरांपैकी आता ती एकटीच उरली आहे. नजर गेली आहे, सुनेचा हात धरून आली होती. सगळे उठल्यावर ती माझ्यापाशी आली.

"बरं झालं सांगतलं," म्हणाली. "तिचं नाव धुतलं तुमी. आन् माहं?"

मी तिच्यासाठी खुर्ची पुढं ओढली.

"माह्याही चरवीत पसाच होता, भाऊ. झाकून नेली मी. माह्या सासऱ्यानं मरेपर्यंत मले पाणीवाली म्हणलं." सुनेनं तिला ओढलं, तशी ती गेली.

तेव्हा आता जे राहिलं ते लिहून ठेवतो. माझ्या बायकोमागं त्या सकाळी आठ घरं उभी होती. पाच आमच्या वस्तीतली, तीन माळ्यांची. त्या चरव्या मी तपासल्या नाहीत. त्यांतल्या एकाही चरवीत पशापेक्षा जास्त पाणी नव्हतं.